गप्प राहिलेला टेस्टर

१

सकाळी नऊ वाजून बावन्न मिनिटांनी मामा खडीवर पडलेले सापडले. शिडी जागच्या जागी उभी होती. अर्थिंग रॉड वर लटकत होता, टेस्टर खाली पडला होता आणि ‘आधी सुरक्षा’ असं लिहिलेलं हेल्मेट मामांपासून चार हात लांब, स्वतः अगदी सुरक्षित होतं.

मामा हे वीज रूपांतर केंद्रातले सगळ्यात जुने लाइन फोरमन. चौतीस वर्षांच्या नोकरीत ते सगळ्यांचेच मामा झाले होते. सख्खी भाची मात्र एकच. ती त्या वेळी कंट्रोल रूममध्ये ऑपरेटरच्या खुर्चीवर होती, आणि ‘काम सुरू करायला हरकत नाही’ ही परवानगी मामांना बारा मिनिटांपूर्वी तिनेच दिली होती.

केंद्र नवं कोरं होतं. चौदाशे किलोमीटरवर, जिथे ऊन आणि वारा यांखेरीज काही पिकत नाही, तिथे तयार झालेली वीज दोन जाड तारांवरून इथवर यायची. येताना ती डीसी असायची, म्हणजे एकाच दिशेने सरळ वाहणारी. लांबचा पल्ला असला की तशी आणलेली बरी, वाटेत कमी सांडते. इथे तिची एसी व्हायची, म्हणजे घरोघरी चालते ती, सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे होणारी. चौदाशे किलोमीटरचा हा प्रवास पापणी लवायच्या आत व्हायचा. त्याच केंद्रात तळमजल्यावरची फाइल पहिल्या मजल्यावर जायला अकरा दिवस लागत, आणि सांडायचीही जास्त.

दोन तारांपैकी एकीला पोल एक म्हणत, दुसरीला पोल दोन. पोल एकची चाचणी झाली होती आणि त्या सकाळी तो साफसफाईसाठी बंद केला होता. पोल दोन त्याच दिवशी चार वाजता पहिल्यांदा चालू व्हायचा होता, कारण उद्या उद्घाटनाला पाहुणे येणार होते. पण नियम असा की अपघाताची चौकशी पूर्ण झाल्याखेरीज नवं काही चालू करता येत नाही. त्यामुळे माणूस पडल्यानंतर दोन तासांत चौकशी अधिकारी हजर झाला. एरवी याला दोन महिने लागतात.

२

मुख्यालयाने पाठवलेल्या बाई विद्युत संरक्षण खात्यातून निवृत्त झालेल्या अभियंता होत्या. या खात्याचं काम म्हणजे बिघाड झाला की कुठला भाग किती क्षणांत तोडून बाजूला काढायचा ते ठरवणं. तीस वर्षं हे केल्यामुळे त्यांना खुर्चीत बसवत नसे, आणि समोरच्यालाही त्या बसू देत नसत. तोंडावर सगळे त्यांना मॅडम म्हणत, पाठीमागे भिंगरी. त्यांना दोन्ही नावं माहीत होती. दुसरं जास्त आवडायचं.

प्रवेशद्वाराशी पाहुण्यांसाठी काचेचं कपाट मांडलं होतं. ‘जागतिक दर्जाची सुरक्षा’ अशी पाटी, तिच्याखाली न घातलेले हातमोजे, न चाललेले बूट आणि तीन पिवळेधमक टेस्टर. दोन टेस्टर पाहुण्यांकडे तोंड करून होते. तिसरा पाठ फिरवून, रुसल्यासारखा. त्याच्या पाठीवर लाटेसारखी बारीक खूण होती. भिंगरीबाईंनी कपाटाला एक फेरी मारली आणि जिना चढल्या.

केंद्रप्रमुख हसतमुख गृहस्थ होते. या तंत्रज्ञानाचं तीन आठवड्यांचं परदेशी प्रशिक्षण घेतलेले केंद्रातले ते एकटेच, आणि तिथला फोटो त्यांच्या पाठीमागे टांगलेला होता. त्यांनी बाईंना खुर्ची दाखवली. बाई खिडकीशी गेल्या, तिथून कपाटाशी, तिथून परत. प्रमुखांची मान त्यांच्यामागे पंख्यासारखी फिरत राहिली.

प्रमुखांच्या मते मामला सरळ होता. यार्डात कपॅसिटरची उतरंड होती, एकावर एक रचलेली पोलादी डबडी. वीज बंद केली तरी त्यांच्यात साठा उरतो. तो उतरायला दहा मिनिटं द्यायची, मग टेस्टरने तपासायचं, टेस्टर गप्प राहिला की अर्थिंग रॉड लावून उरलंसुरलं जमिनीत सोडायचं, मगच हात लावायचा. या साखळीतली एक कडी कोणीतरी गाळली होती. वही म्हणत होती, नऊ वीसला बंद केलं, नऊ चाळीसला परवानगी दिली. पण वही भाचीनेच पेनाने लिहिलेली, आणि पेन काय, सांगाल ती वेळ लिहितं.

मग त्यांनी नमुना क्रमांक सात पुढे सरकवला. त्यावर शेवटी दोनच चौकोन होते. ‘ऑपरेटरची चूक’ आणि ‘जखमी कर्मचाऱ्याची चूक’. पहिल्यावर खूण झाली की ऑपरेटरची नोकरी जाते आणि पोलीस येतात. दुसऱ्यावर झाली की चौतीस वर्षांची नोकरी ‘स्वतःच्या निष्काळजीपणामुळे’ या दोन शब्दांत संपते.

“तिसरा चौकोन नाही?” बाईंनी विचारलं.

“आजवर गरज पडली नाही,” प्रमुख म्हणाले. “भाची किंवा मामा. तुम्ही म्हणाल तसं. फक्त चारच्या आत म्हणा.”

३

भाचीला कामावरून बाजूला करून रेकॉर्ड रूममध्ये बसवलं होतं. बाईंनी तिला उठवलं आणि केंद्राच्या कुंपणाला फेऱ्या मारायला नेलं. मोठे ट्रान्सफॉर्मर एका सुरात घुमत होते. त्या घुमण्याखाली भाची बोलत होती, त्यामुळे बाईंना तिच्या अगदी जवळून चालावं लागलं.

तिने सांगितलं ते थोडंच होतं. नऊ सत्तेचाळीसला वॉकीटॉकीवर मामा बोलले होते: तपासलं, गप्प आहे, वर जातोय. दोन मिनिटांनी बंद काचेतूनही ऐकू येईल असा धडाका झाला. त्या बाजूला कॅमेरा होता, पण उद्यासाठी तो फुलझाडांकडे वळवला होता. ऑपरेटरला बदली माणूस आल्याशिवाय खुर्ची सोडता येत नाही. तो यायला अकरा मिनिटं लागली. ती अकरा मिनिटं ती पडद्यावरचे आकडे वाचत बसली होती, कारण ते तिचं काम होतं. तोवर कोणीतरी मामांना उचलून नेलं. ते बेशुद्ध होते. इस्पितळातून मामी तिचा फोन घेत नव्हती.

“वीस मिनिटं थांबलीस?” बाईंनी विचारलं.

“सकाळपासून तेच मोजतेय, मॅडम. दर वेळी वेगळी भरतात. कधी वीस, कधी दोन. आता मलाच माझा भरवसा राहिला नाही.”

बाईंनी कॉम्प्युटरचं विचारलं. स्विच बंद झाल्याची नोंद त्यात आपोआप पडायला हवी. भाची म्हणाली की पडते, पण घड्याळ अजून लावलेलं नाही. ते लावण्याची फाइल वर गेली आहे. कॉम्प्युटरच्या मते आत्ता सकाळचे साडेआठही झाले नव्हते. म्हणूनच प्रमुखांनी ती नोंद पुरावा म्हणून बाद केली होती.

बाई कंट्रोल रूममध्ये गेल्या आणि उभ्याउभ्याच पडद्यावरची यादी वर ढकलत गेल्या. स्विच बंद: तीन तेरा. मग त्यांनी विचारलं की यार्डाचं फाटक कसं उघडतं. परवानगी मिळाल्यावर मामांचं कार्ड चालतं, त्याआधी नाही. आणि त्याचीही नोंद इथेच पडते. फाटक उघडलं: तीन पस्तीस.

“बावीस मिनिटं,” बाई म्हणाल्या. “घड्याळ चुकीचं असेना का. वजाबाकीला खरी वेळ लागत नाही.”

भाचीने पडद्याकडे पाहिलं, मग टेबलाची कड धरली. तिला रडायला येत होतं की हसायला, हे ठरायच्या आतच केंद्रप्रमुख दारात आले. इस्पितळातून ड्रायव्हर परत आला होता. मामा शुद्धीवर आले होते आणि त्यांनी मामीच्या हाताने चिठ्ठी लिहून पाठवली होती, खाली स्वतःची वेडीवाकडी सही.

चिठ्ठीत एकच ओळ होती. ‘मी टेस्टरने तपासलं नाही, चूक माझी आहे, ऑपरेटरची नाही.’

४

प्रमुखांचा चेहरा लग्न जमल्यासारखा झाला होता. कबुलीजबाब आला, सही आहे, आता दुसऱ्या चौकोनात खूण करावी आणि चहा घ्यावा. अडीच वाजले होते.

भाची म्हणाली की हे खोटं आहे. तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि तिच्या फायद्याचं तर हेच होतं. ती तरीही म्हणाली.

“मामा न तपासता हात लावतील? ते चहात साखर आहे का तेसुद्धा दोनदा बघतात. माझ्यासाठी लिहिलंय त्यांनी. बावीस मिनिटांचं त्यांना कुठे माहितीय?”

“मग तुम्हाला पहिला चौकोन हवाय का?” प्रमुखांनी गोड आवाजात विचारलं.

भाचीने उत्तर द्यायला तोंड उघडलं तेवढ्यात बाईंनी तिला दंडाला धरून बाहेर काढलं. चांगल्या घरची माणसं चौकशीत फार त्रास देतात, असा त्यांचा अनुभव होता. एक खोटं बोलून दुसऱ्याला वाचवतो, दुसरा ते खोटं पाडायला स्वतःचा गळा पुढे करतो, आणि ज्याने केलं तो मजेत चहा पितो.

यार्डात त्यांनी सुरक्षा अधिकाऱ्याला बरोबर घेतलं. याला सगळे घोषवाक्य म्हणत, कारण केंद्रातल्या एकशे अठरा पाट्या त्याने स्वतः रचल्या होत्या. मामांकडे पहिला धावत तोच गेला होता आणि पंचनामाही त्यानेच केला होता. चालताचालता तो सांगत राहिला की गेल्या तिमाहीत अपघात शून्य होते आणि त्याचा फलक आता कोणत्या तोंडाने बदलायचा.

बाईंनी अर्थिंग रॉड खाली घेतला. टोकाचं तांबं वितळून त्याचे बारीक मणी झाले होते.

म्हणजे मामांनी रॉड लावला होता. नियमाप्रमाणे, हाताच्या आधी. आणि त्या क्षणी उतरंडीत भरपूर साठा होता. धडाका झाला तो त्याचा, मामा दचकून मागे गेले ते त्यामुळे. बावीस मिनिटांनंतरही साठा कसा? बाईंनी खिशातून मीटर काढलं आणि साठा हळूहळू उतरवणारा रेझिस्टर तपासला. तो आतून तुटला होता. कारखान्यातून इथे येताना कधीतरी. बावीस मिनिटांत काय, बावीस तासांतही काही उतरलं नसतं.

“मग टेस्टर ओरडायला हवा होता,” घोषवाक्य म्हणाला. त्याच्या डोक्यात हे आत्ताच आलेलं दिसत होतं. “तपासलं असतं तर ओरडला असता. म्हणजे मामांनी खरंच...”

“किंवा तपासलं, आणि तो गप्प राहिला.”

“तसं होणारच नाही, मॅडम. आमचा नियम आहे. वापरायच्या आधी टेस्टर चालू लाइनवर धरून बघायचा. बोलला तरच पुढे. मामा तर रोज करायचे. मी स्वतः अपघातानंतर दहा पस्तीसला तोच टेस्टर धरून पाहिला. खणखणीत बोलला. पंचनाम्यात लिहिलंय.”

बाई चालता चालता थांबल्या. घोषवाक्याने पुढे लोकांना सांगितलं की त्या दिवसात त्या थांबलेल्या त्याला एकदाच दिसल्या.

“चालू लाइन,” त्या म्हणाल्या. “कोणती?”

त्याने यार्डाच्या कडेला बोट दाखवलं. शहराकडे जाणाऱ्या तारा. पोल बंद असले तरी त्यांत दुसऱ्या केंद्रांची वीज असायची. हाताच्या अंतरावर कायम चालू असणारी जागा सगळ्या केंद्रात तेवढीच.

५

भांडारपालाचं टोपणनाव पावती. त्याच्याकडून टाचणी घ्यायची झाली तरी सही करावी लागे. स्वतःच्या लग्नात त्याने अंगठीची पोच मागितली होती असं लोक सांगत, आणि तो ते नाकारत नसे.

बाईंनी टेस्टरबद्दल विचारलं. त्याने न बघता सांगितलं: सहा आले, एकाच कंपनीचे, एकाच मापाचे. तिघांच्या पाठीवर लाट, तिघांच्या पाठीवर सरळ रेघ. त्याला विचाराल तर सहाही पिवळे. महिन्यापूर्वी प्रमुखांनी कपाटासाठी तीन मागवले. रेघवाल्यांची खोकी जास्त चकचकीत होती, म्हणून ते गेले. लाटवाले तीन कामाला उरले. सगळ्याच्या पावत्या होत्या.

लाट आणि रेघ यांत काय फरक, हे मामांना शिकवलं होतं का, असं बाईंनी विचारलं. प्रशिक्षण झालं होतं, पावती म्हणाला. अर्ध्या दिवसाचं. हजेरीपटावर मामांची सही होती. पडदा लावायचा राहिला होता म्हणून चित्रं दाखवता आली नाहीत, पण सह्या सगळ्यांच्या होत्या.

सव्वातीन वाजले होते. सकाळच्या पंचनाम्यात टेस्टर घालून सील केलेली पुराव्याची पिशवी बाईंनी प्रमुखांच्या खोलीतल्या कपाटातून मागवली. लाखेचं सील शाबूत होतं, त्यावर भांडाराचा पितळी शिक्का. प्रमुख, घोषवाक्य, पावती आणि भाची, सगळ्यांसमोर ती यार्डात फोडली. भाचीने यायचं कारण नव्हतं असं प्रमुख म्हणाले. बाईंना ते ऐकू आलं नाही. ट्रान्सफॉर्मर फार घुमत होते.

पिशवीतून टेस्टर निघाला. पिवळाधमक. पडद्यावर कारखान्यातली पारदर्शक झिल्ली अजून चिकटलेली. शिडीवरच्या माणसाच्या हातून खडीवर पडलेल्या वस्तूच्या मानाने त्याची प्रकृती उत्तम होती. पाठीवर सरळ रेघ.

बाईंनी तो लांब दांडीच्या टोकाला अडकवला आणि घोषवाक्याच्या हातात दिला. सकाळी धरलास तसा धर, म्हणाल्या. घोषवाक्याने तो शहराच्या चालू तारेजवळ नेला.

टेस्टर गप्प.

त्याने दांडी हलवली, बटण दाबून पाहिलं, पुन्हा नेला. वर तार जिवंत होती, सगळं शहर तिच्यावर चाललं होतं, आणि टेस्टर झोपलेल्या म्हशीसारखा स्वस्थ.

“सकाळी बोलला होता,” घोषवाक्य म्हणाला. “देवाशपथ बोलला होता.”

“माझा विश्वास आहे,” बाई म्हणाल्या. “बोलला तो दुसरा होता.”

६

पुढचं बोलणं प्रमुखांच्या खोलीत झालं. प्रमुख बसले. बाकी सगळे उभे होते, कारण बाई दार ते खिडकी फिरत होत्या आणि कोणाला पाय पसरायला जागा नव्हती.

त्यांनी आधी भाचीकडे वळून सांगितलं. लाटेचा टेस्टर एसीसाठी. मागेपुढे होणाऱ्या विजेची थरथर त्याला कळते. कपॅसिटरमधला डीसी साठा थरथरत नाही, दबा धरून बसतो; तो त्याला दिसतच नाही. त्यासाठी रेघेचा टेस्टर, ज्याला उलट एसीचं काही कळत नाही. मामांनी सकाळी नियम पाळला. टेस्टर चालू लाइनवर धरला. तो बोलला, कारण लाइन एसी आणि टेस्टरही एसी. मग उतरंडीवर धरला. तो गप्प राहिला. चौतीस वर्षं गप्प म्हणजे मेलेली लाइन. ते वर गेले. खरा टेस्टर हातात असता तर त्या तपासणीत तो गप्प राहिला असता आणि मामांनी तो बिघडला म्हणून परत केला असता. या केंद्रात चुकीची वस्तू पास होत होती आणि बरोबर वस्तू नापास, तीही नियमाने.

“म्हणजे त्यांनी तपासलं होतं,” भाची म्हणाली.

“तपासलं होतं. आणि त्याला पुरावा हा, की टेस्टर बदलला गेला. मामांनी टेस्टर वापरलाच नसता तर तो लपवायची गरज कोणाला पडली असती?”

प्रमुख म्हणाले की पंचनामा सुरक्षा अधिकाऱ्याने केला आहे, तेव्हा हे त्याला विचारावं.

बाईंनी पंचनामा उलगडला. दहा पस्तीस: टेस्टर चालू लाइनवर तपासला, आवाज दिला, पिशवीत घालून सील केला. दोन सह्या, खाली प्रमुखांची प्रतिस्वाक्षरी. घोषवाक्याला लाट आणि रेघ यांतला फरक ठाऊक असता तर हे वाक्य त्याने लिहिलंच नसतं. ते त्याने अभिमानाने लिहिलं होतं. म्हणजे दहा पस्तीसला पिशवीत लाटवाला टेस्टर होता. सव्वातीनला रेघवाला निघाला. मधे पिशवी याच खोलीत, याच कपाटात होती. ती फोडून परत सील करायची तर शिक्का हवा.

“शिक्का माझ्याकडे असतो,” पावती म्हणाला. सगळे त्याच्याकडे वळले. तो जराही घाबरला नाही. त्याने छातीच्या खिशातून पुस्तक काढलं, थुंकी लावून पान उलटलं आणि टेबलावर ठेवलं. शिक्का सकाळच्या सीलनंतर एकदाच बाहेर गेला होता. अकरा दहा ते अकरा पंचवीस. घेणाऱ्याची सही होती. सही केंद्रप्रमुखांची होती.

प्रमुखांनी सहीकडे पाहिलं. ओळख पटायला त्यांना थोडा वेळ लागला. ते दिवसाला दोनशे सह्या करत.

“मुख्यालयाला एक पाकीट पाठवायचं होतं,” ते म्हणाले.

पावतीने जावक नोंदीची वही पुस्तकाशेजारी ठेवली. त्या दिवशी एकही पाकीट गेलं नव्हतं.

“तुमचा टेस्टर खाली कपाटात आहे,” बाई म्हणाल्या. “काचेला तडा गेलाय, म्हणून तुम्ही त्याचं तोंड भिंतीकडे केलंत. त्यामुळे पाठ पाहुण्यांकडे आली. हा फरक ओळखणारे इथे तुम्ही एकटेच, फोटो आहे तुमचा. टेस्टर पिशवीत लाटेचा आहे हे कळल्यावर पहिला प्रश्न आला असता, की रेघेचे कुठे गेले. ते तुमच्या हुकमाने काचेआड होते. हे तुम्ही व्यवस्थित निस्तरलंत. फक्त पंचनामा वाचायला हवा होता.”

प्रमुखांनी पंचनामा जवळ ओढला आणि वाचला. पहिल्यांदाच वाचत होते हे सगळ्यांना दिसलं.

“मी फक्त योग्य वस्तू योग्य जागी ठेवली,” ते अखेर म्हणाले.

“हो. दीड तास उशिरा.”

टेबलावरचा फोन वाजू लागला. मुख्यालय. चारला दहा कमी होते आणि पोल दोनबद्दल विचारणा होती. प्रमुखांचा हात फोनकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. बाईंनी नमुना क्रमांक सात घेतला, टेबलावरची पट्टी घेतली, दोन चौकोनांखाली तिसरा आखला, त्यापुढे ‘केंद्रप्रमुखांची चूक’ असं लिहिलं, आणि खूण केली. मग भाचीला विचारलं की पोल दोनची परवानगी कोणाच्या सहीने निघते.

पाळीवरच्या ऑपरेटरच्या, भाची म्हणाली. म्हणजे माझ्या.

“चौकशी संपली, तू पुन्हा पाळीवर आहेस. मग फोन तुझा आहे,” बाई म्हणाल्या.

तिने उचलला. पलीकडचा आवाज मोठा होता, पाहुण्यांची यादी त्याच्याहून मोठी. भाचीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की पोल दोनच्याही उतरंडीत असाच रेझिस्टर आहे, तो कोणी तपासलेला नाही, त्यामुळे आज नाही. पलीकडून विचारलं गेलं, आपण कोण बोलताय. तिने हुद्दा सांगितला आणि फोन ठेवला. मग पुन्हा वाजला, मग पुन्हा. तिसऱ्यांदा वाजेपर्यंत ती जिन्यावर होती.

७

इस्पितळाच्या वऱ्हांड्यात मामी बाकावर बसली होती. भाचीला पाहून ती उठली नाही, पण तिने पिशवी मांडीवर घेतली आणि बाकावर जागा केली. फोन का घेत नव्हतीस, असं भाचीने विचारलं नाही. मामीनेच सांगितलं. फोनवर तुझ्याशी खोटं बोलता आलं नसतं, आणि ह्यांनी तर बजावून ठेवलं होतं.

“काय पण माणूस. डोळे उघडले नाहीत तोच म्हणे कागद आण. मी म्हटलं पाणी तरी प्या.”

आत मामा उशीला टेकून पडले होते. डोक्याला पट्टी, डावा हात गळ्यात अडकवलेला. भाचीने ती चिठ्ठी त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि पेन उघडून उजव्या हातात दिलं. काट मारा, म्हणाली.

मामांनी चिठ्ठी पाहिली, मग तिच्याकडे. त्यांची दोन वर्षं राहिली होती आणि तिची तीस, हा हिशोब त्यांनी मांडून ठेवला होता, तेव्हा तिने मध्ये पडू नये, असं त्यांचं म्हणणं पडलं. भाचीने त्यांना बावीस मिनिटं सांगितली. तुटलेला रेझिस्टर सांगितला. वितळलेलं टोक. मग लाट आणि रेघ. मामा ऐकत राहिले. मध्येच त्यांचा चेहरा असा झाला की मामीने नर्सला हाक मारू का विचारलं.

“मी धरला होता गं त्याला,” ते हळूच म्हणाले. “दोनदा धरला. गप्प होता. पडल्यापासून मला वाटतंय, धरलाच नाही की काय. म्हणून लिहून टाकलं. तसं अगदी खोटं वाटेना.”

“धरला होतात. मी ऐकलं होतं.”

त्यांनी काट मारली. सरळ येईना, तेव्हा दुसऱ्यांदा मारली. मग थकून डोळे मिटले. बाहेर कोणाचं तरी स्ट्रेचर घाईघाईने गेलं, चाकांचा आवाज लांबपर्यंत येत राहिला. भाचीला वाटलं मामांना झोप लागली. ती उठली.

“पोल दोन?” मामांनी डोळे न उघडता विचारलं.

“बंद आहे.”

“वरून कोण ऐकणार. किती वेळ राहील बंद?”

“मी सांगेपर्यंत,” भाची म्हणाली.

थोड्या वेळाने मामीने खुणेने तिला खाली बसवलं, कारण मामांनी तिची ओढणी मुठीत धरली होती आणि या वेळी त्यांना खरोखर झोप लागली होती.